एल्फिन्स्टनांच्या मुलखात

मुंबईकराला एल्फिन्स्टन म्हटलं की आधी स्टेशन आठवतं, मग कॉलेज. दोन्ही एकाच साहेबाच्या नावाने, असं बहुतेकांनी धरून ठेवलेलं असतं. पण कॉलेज काकाच्या नावाचं आणि स्टेशन पुतण्याच्या. काका माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर. सत्तावनची धामधूम त्याच्या कारकिर्दीत झाली, आणि मुंबई विद्यापीठही. स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. कॉलेजचं नाव तसंच आहे.

आमचे हे त्या कॉलेजातले. भाची एडिंबऱ्यात असते, तिने बोलावलं तेव्हा यांनी लॉख नेसचं नाव सुद्धा काढलं नाही. "या माणसांचं गाव बघू," म्हणाले. मला वाटलं दोन दिवसांत हौस फिटेल. पण या घराण्यात बिशप निघाला, आरमारी सरदार निघाले, बंडखोर निघाला, सगळी फौज गमावलेला सेनापतीही निघाला. एकेकाच्या मागे जाता जाता आठवडा संपला.

सोमवार, एडिंबरा

किल्ल्यावर सकाळीच गेलो. वारा असा की यांची टोपी दरवाजातच उडाली. गर्दी सगळी राजमुकुट बघायला धावत होती. आम्ही मागच्या बाजूच्या तळघरांत उतरलो. इथे युद्धकैदी ठेवत. तशाच रांगेने टांगलेल्या झोळ्या, जाडा पाव, आणि कैद्यांनी हाडं कोरून केलेल्या डब्या मांडून ठेवल्यात. खोट्या नोटा छापायचं सामानही आहे. जुने लाकडी दरवाजे काचेआड ठेवलेत. त्यांवर कैद्यांनी चाकूच्या टोकाने नावं कोरलीत, गलबतं कोरलीत. एका फळीवर तर अमेरिकेचा झेंडा आहे, त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाचा.

माउंटस्टुअर्टचा बाप, अकरावा लॉर्ड, या किल्ल्याचा नायब गव्हर्नर होता. घरात मुलं बरीच, हा चौथा मुलगा. फ्रान्समध्ये राज्यक्रांती उसळली तेव्हा पोरगा ऐन वाढीच्या वयात. चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की तो केस लांब वाढवून फ्रेंच कैद्यांबरोबर क्रांतीची गाणी म्हणत फिरायचा. नायब गव्हर्नरच्या पोराने राजाच्या शत्रूंची गाणी गावी, म्हणजे घरात काय वाजत असेल ते सांगायला नको. पुढे याच मुलाने पेशवाई बुडवली. हे मात्र ऐकून घेईनात. "बुडवली दुसऱ्या बाजीरावाने, याने फक्त कागदपत्रं पुरी केली," म्हणे. आमचं हे भांडण आठवडाभर चाललं.

चुलता कंपनीचा डायरेक्टर. त्याच्या वशिल्याने पोराला नोकरी लागली आणि १७९६ मध्ये, सतरा वर्षं पुरी व्हायच्या आधीच, तो कलकत्त्याला उतरला. तीन वर्षांनी बनारसला अवधचा पदच्युत नवाब वझीर अली याच्या माणसांनी इंग्रजांची कत्तल केली, त्यातून हा घोड्यावरून निसटला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता. मग नागपूरचा रेसिडेंट, काबूलच्या शहाकडे वकिलात, आणि १८११ मध्ये पुण्याचा रेसिडेंट. गंगाधरशास्त्र्यांचा खून, त्रिंबकजी डेंगळ्यांची अटक, त्यांचं ठाण्याच्या तुरुंगातून पळणं, ते सगळं याच्यासमोर. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. मोहिमेवर असतानाही ग्रीक वाचणारा माणूस हा. त्याची पुस्तकं त्यात खाक झाली.

दुपारी त्याची शाळा पाहिली. हायस्कूल यार्ड्समधली १७७७ ची इमारत. वॉल्टर स्कॉटही इथलाच विद्यार्थी, थोडा आधीचा. आता तिथे विद्यापीठाचं खातं आहे, त्यामुळे बाहेरूनच. दगडी खांबांचा दरवाजा, पुढ्यात सायकली. हे फोटो काढत बसले आणि मी पायरीवर बसून भाचीने दिलेले पराठे सोडले.

याच शहरात जेम्स एल्फिन्स्टन नावाचे एक पंडित १७२१ मध्ये जन्मले. नावाच्या शेवटचं न वाचलं जाणारं अक्षर त्यांनी गाळूनच टाकलं होतं. इंग्रजी जसं बोलतो तसंच लिहायचं, हा त्यांचा हट्ट. त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले, तेही त्याच लेखनात. डॉक्टर जॉन्सनचे हे स्नेही. पण मार्शल या रोमन कवीचं भाषांतर त्यांनी केलं ते इतकं रुक्ष की रॉबर्ट बर्न्सने त्यावर चार ओळींचं टोमणेवजा कवन लिहिलं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून पेटणारे वाद पाहिले की या गृहस्थांबद्दल जिव्हाळा वाटतो.

मंगळवार, ईस्ट लोथियन

एल्फिन्स्टन नावाचं गाव खरंच आहे. ट्रॅनेंटजवळ, एडिंबऱ्याच्या पूर्वेला. एक लांबट रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरं, पुढे शेतं. घराण्याचं नाव या मुलखावरूनच पडलं. मुळात कोळसा खाणीचं गाव, आता खाणी बंद.

गावाबाहेर एल्फिन्स्टन टॉवर होता. "होता" म्हणायचं, कारण आता तळमजल्याच्या भिंतीच काय त्या उरल्यात. खालून खाणी पोखरल्या गेल्या, भिंतींना तडे गेले, आणि १९५५ मध्ये वरचे मजले उतरवावे लागले. पंधराव्या शतकाचा बुरूज. सुधारक धर्मोपदेशक जॉर्ज विशार्टला १५४६ मध्ये इथे आणून ठेवलं होतं असं जॉन नॉक्सने लिहिलंय. पुढे त्याला सेंट अँड्रूजला जाळलं. शेताच्या कडेला उभं राहून बघितलं. पिवळ्याधमक काटेरी झुडपांपलीकडे गवतात गेलेला दगडांचा ढिगारा. "यासाठी एवढ्या लांब?" असं भाचीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. ती शहाणी, बोलली नाही.

कारबेरी टॉवर जवळच. तो मात्र थाटात उभा आहे, हॉटेल झालंय. सोळावे लॉर्ड इथे राहत. त्यांची बायको मेरी ही राणी एलिझाबेथच्या आईची सख्खी बहीण, म्हणजे विसाव्या शतकात हे घराणं थेट राजघराण्याच्या सोयरिकीत. १९६१ मध्ये मेरीबाई वारल्या आणि वाडा चर्चकडे गेला. मागच्या टेकडीवर १५ जून १५६७ ला मेरी, स्कॉट्सची राणी, सरदारांना शरण आली. हॉटेलात चहा घेतला, स्कोनबरोबर. किंमत बघून यांनी पुढचा अर्धा तास इतिहास काढला नाही.

बुधवार, एअर्थ आणि किनकार्डिन

आजचा दिवस मोठा झाला आणि चांगला झाला.

फॉल्कर्कजवळ डनमोरला आधी गेलो ते अननस बघायला. अननस म्हणजे दगडी अननस, चौदा मीटर उंच, बागेतल्या घराच्या डोक्यावर. डनमोरच्या अर्लने १७६१ च्या सुमारास बांधलेला. प्रत्येक पान कोरलेलं, आणि दोन पानांमध्ये पाणी साचून गोठून दगड फुटू नये म्हणून निचऱ्याची सोय. हे डनमोर इथे आले कसे? एल्फिन्स्टनांनी १७५४ मध्ये जमीन विकली आणि यांनी घेतली. तोवर अडीचशे वर्षं इथे एल्फिन्स्टनांचंच ठाणं होतं.

त्यांचा जुना बुरूज झाडीत आहे. छप्पर नाही, भिंतीतून झाडं उगवलीत, आत जायला मनाई. तळघर डनमोरांनी आपल्या थडग्यांसाठी वापरलं. आपली गढी दुसऱ्यांचं स्मशान व्हावी, याहून वाईट काय असतं! घराण्यातला पहिला लॉर्ड अलेक्झांडर. चौथ्या जेम्स राजाच्या मर्जीतला. त्याला पदवी मिळाली आणि तीन-चार वर्षांतच ९ सप्टेंबर १५१३ ला इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या रणात राजाबरोबर तोही पडला.

या बुरुजाच्या घरात १७४६ साली एक मुलगा जन्मला, जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. तो आरमारात गेला. १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेतलं ते यानेच. लढाईत पकडलेल्या जहाजांचा हिस्सा सरदाराला मिळायचा, त्यावर तो गबर झाला, व्हायकाउंट कीथ झाला. आणि त्या पैशांतून नदीपलीकडे किनकार्डिनला टुलियालनचा किल्ला बांधला.

पूल ओलांडून तिकडे गेलो. किल्ला आता पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र. फाटकावरच्या अधिकाऱ्याला भाचीने सांगितलं, "हे माझे मावशी-काका, मुंबईहून आलेत, एल्फिन्स्टन कॉलेजातले." तो हसला, पण आत सोडलं नाही. बरोबरच आहे. झाडांतून मनोरे दिसले तेवढे पाहिले.

१८१५ चं ऐका. वॉटर्लूनंतर नेपोलियन शरण आला, बेलेरोफॉन जहाजावर. त्याला वाटलं इंग्लंडात कुठेतरी बंगल्यात ठेवतील. प्लिमथला जहाजावर जाऊन, "तुम्हाला सेंट हेलेनाला पाठवायचं ठरलंय," हे त्याला सांगायचं काम या अॅडमिरल कीथवर आलं. नेपोलियन चिडला, तक्रार केली, काही उपयोग झाला नाही. आणि दोन वर्षांनी कीथच्या मुलीने, मार्गारेटने, लग्न कोणाशी करावं? नेपोलियनच्या एड-डी-कॅम्पांपैकी, म्हणजे खास मदतनीस अधिकाऱ्यांपैकी एकाशी, काउंट द फ्लाहॉशी. वॉटर्लूला बादशहाच्या बाजूला उभा असलेला हा माणूस! अॅडमिरलसाहेबांनी आकाशपाताळ एक केलं, पोरगी बधली नाही. तिची मुलगी एमिली लॅन्सडाउन घराण्यात गेली, आणि एमिलीचा मुलगा १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. म्हणजे नेपोलियनच्या सरदाराचा नातू कलकत्त्याच्या गादीवर, हा हिशेब कुठल्या शाळेच्या पुस्तकात आला नाही.

या अॅडमिरलचे दोन पुतणे. एक आपला माउंटस्टुअर्ट. दुसरा विल्यम, वॉटर्लूला तेहतिसाव्या पलटणीचा कमांडर. पुढे जनरल झाला आणि १८४१ मध्ये, तब्येत पार खचलेली असताना, संधिवाताने चालता येत नसताना, त्याला काबूलला पाठवलं. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून परत फिरताना साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात आणि खिंडीत संपले. डॉक्टर ब्रायडन घोड्यावर कसाबसा जलालाबादला पोचला तेवढाच. जनरल कैदेत सापडला आणि एप्रिलमध्ये तिथेच मेला.

मला खरा चटका लावणारी गोष्ट निराळीच. माउंटस्टुअर्ट १८०८-०९ मध्ये शहा शुजाच्या भेटीला पेशावरला जाऊन आला होता, आणि अफगाणांवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. इंग्रज सरकारने ज्या शहाला पुन्हा गादीवर बसवायचं ठरवलं तो हाच शुजा. माउंटस्टुअर्टने तेव्हाच आपलं मत पत्रातून कळवलं: काबूल घेणं सोपं, पण गरीब, थंड, बंडखोर देशात शुजाला टिकवणं अशक्य. ऐकलं कोणी नाही. त्याच चुकीत त्याच्या सख्ख्या चुलतभावाची फौज गेली. दोन चुलतभावांपैकी एकाने तो देश समजून घेतला, दुसऱ्याला तो देश भोवला. हे म्हणाले, "अगं, पण जनरलला पाठवणाऱ्यांनी निदान तब्येत तरी बघायची." त्यावर आमचं एकदाचं एकमत झालं.

गुरुवार, बाल्मेरिनो

फाइफच्या उत्तर कडेला टे नदीच्या खाडीवर बाल्मेरिनो गाव. लोक त्याला बॅमर्नी म्हणतात, आम्ही दोनदा विचारून मग वळलो. १२२९ मध्ये राणी एर्मेनगार्डने वसवलेला मठ आता चार भिंतींएवढा. आवारात एक चेस्टनट आहे, शतकांचा वाकलेला, फांद्यांना टेकू दिलेत. वाटसरू त्याच्याकडे बघतात, मठाकडे कमीच.

एल्फिन्स्टनांची धाकटी पाती इथली. जेम्स एल्फिन्स्टन, सहाव्या जेम्स राजाचा सेक्रेटरी, १६०० च्या आगेमागे या जमिनीचा मालक झाला आणि लॉर्ड बाल्मेरिनो झाला. १५९९ मध्ये त्याने पोपला लिहिलेलं एक पत्र राजाच्या सहीच्या कागदांत सरकवलं. राजा शिकारीला निघायच्या घाईत, सह्या करून मोकळा. पुढे १६०८ मध्ये रोममधून कार्डिनल बेलार्मिनने ते पत्र उघड केलं. बाल्मेरिनोने कबुली दिली, शिरच्छेदाची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही. तो १६१२ मध्ये इथे घरीच मेला. राजालाही सगळं ठाऊक होतं आणि सेक्रेटरीने अंगावर घेतलं, असंही काही इतिहासकार म्हणतात. मला तेच पटतं. सहीच्या कागदांची आमच्या ऑफिसातली पद्धत मी पाहिलीय.

त्याच्या मुलावर चार्ल्स राजाविरुद्धच्या अर्जात हात घातल्याबद्दल १६३५ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला. पंधरा पंचांपैकी आठ जणांनी दोषी ठरवलं, सातांनी नाही. मग राजाने माफी दिली.

तिसरी गोष्ट आर्थर, सहावा लॉर्ड. गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठाव, कुलोडनच्या पराभवानंतर पकडला गेला. १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. माणूस साधा, थोडा खरखरीत. होरेस वॉलपोलने खटल्याच्या वेळचं त्याचं वागणं लिहून ठेवलंय. इतर कैद्यांच्या गाडीत कुऱ्हाड कुठे ठेवायची यावरून घोळ झाला, तेव्हा "इकडे आणा, माझ्या गाडीत ठेवा" असं हा म्हणाला. मरायला गेला तो बंडखोरांच्या निळ्या-तांबड्या गणवेशात. मान धड उतरायला तीन घाव लागले. बाल्मेरिनो ही पदवी तिथेच संपली.

मठ बघायला पाव तास, गप्पांना दोन तास लागले. टे पुलावरून डंडीला उतरलो आणि संध्याकाळपर्यंत ॲबरडीन.

शुक्रवार, ॲबरडीन

समुद्रावरून धुकं चालून आलं होतं, इथले लोक त्याला 'हार' म्हणतात. सगळं शहर करड्या ग्रॅनाइटचं, त्यात हे धुकं, मग रंग नावाची गोष्टच नाही. ओल्ड ॲबरडीनचा रस्ता मात्र छान, गोटे बसवलेला.

किंग्ज कॉलेजचा संस्थापक बिशप विल्यम एल्फिन्स्टन. हा या घराण्यातला सर्वांत मोठा माणूस, असं माझं मत. ग्लासगोत १४३१ मध्ये जन्म. बाप पाद्री, त्यामुळे मूल अनौरस. चर्चमध्ये पुढे जायला रोमहून खास परवानगी काढावी लागली. ग्लासगोत शिकला, पॅरिस आणि ऑर्लिअन्समध्ये कायदा शिकला, परत येऊन न्यायाधीश, राजदूत, बिशप, काही काळ चॅन्सेलर. उत्तरेकडे विद्यापीठ हवं म्हणून त्याने चौथ्या जेम्सच्या पाठिंब्याने रोमला अर्ज केला, आणि १४९५ च्या फेब्रुवारीत पोप सहाव्या अलेक्झांडरने सनद दिली. पहिला मुख्याध्यापक हेक्टर बोईस, पॅरिसहून आणलेला. १४९७ मध्ये इथे वैद्यकाचा प्राध्यापक नेमला, ब्रिटनमधली पहिली अशी जागा.

पुढे १५९३ मध्ये शेजारी मॅरिशल कॉलेज निघालं आणि ॲबरडीनमध्ये दोन विद्यापीठं झाली. तेव्हा साऱ्या इंग्लंडातही दोनच होती. १८६० मध्ये दोन्ही एक झाली.

छपाईही यानेच पुढे रेटली. १५०७ मध्ये राजाने चेपमन आणि मायलर यांना स्कॉटलंडमधला पहिला छापखाना घालायची सनद दिली, त्यामागे बिशपची खटपट. १५०९-१० मध्ये त्याचं प्रार्थनेचं पुस्तक, ॲबरडीन ब्रेव्हिअरी, छापून आलं. त्यात स्कॉटिश संतांच्या कथा त्याने गोळा करून घातल्या. तीनशे वर्षांनी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्टच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचे गठ्ठे होते. ब्रिग्ज नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला, पण आपल्याला युरोपला परत नेणारा राजरस्ताही हाच. ब्रिग्जनेच हे नोंदवलंय. हे त्यावर म्हणाले, "बघ, माहीत असूनही छापली." यावर मला तोडीचं उत्तर सुचलं नाही. पेशव्यांच्या दक्षिणा-दानातला काही पैसा वळवून त्याने पुण्याला विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली, हेही खरंच आहे. दोनदा गव्हर्नर-जनरलपद नाकारून तो सरेमध्ये पुस्तकात डोकं घालून राहिला आणि १८५९ मध्ये वारला. लग्न केलं नाही. आणि त्याने नोकरी सोडली तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढून प्राध्यापकांच्या जागांचा निधी उभा केला, त्यातून कॉलेज झालं. दादाभाई तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले, बाबासाहेब तिथे १९१२ मध्ये बी. ए. झाले.

चॅपेलच्या मनोऱ्यावर दगडी राजमुकुट आहे. १६३३ च्या वादळात मूळ कोसळला, मग पुन्हा चढवला. आत ओक लाकडाची कोरीव आसनं आणि आडवा पडदा पाचशे वर्षांचे. धर्मक्रांतीत स्कॉटलंडमधलं असलं बहुतेक सगळं जळालं, हे वाचलं. वाकून पाहिलं तर आसनांच्या कडांवर वेलबुट्टीचे नमुने एकसारखे नाहीत. सुताराने दर आसनाला वेगळी जाळी काढलीय. बिशपची समाधी गर्भगृहासारख्या भागात, एक काळ्या दगडाची साधी शिळा. १५१४ मध्ये तो वारला, फ्लॉडनच्या पराभवानंतर वर्षभराने. इंग्लंडशी लढू नका म्हणून सांगणाऱ्यांत तो होता.

बाहेर हिरवळीवर त्याचं मोठं स्मारक आहे, कांस्याच्या मूर्तींनी वेढलेला संगमरवरी चौथरा, त्यावर बिशप आडवा. हेन्री विल्सन या शिल्पकाराने विसाव्या शतकात केलं ते चॅपेलमध्ये ठेवायला. ते आत मावेना म्हणून बाहेर आलं. कडेवर दोन विद्यार्थी सँडविच खात बसले होते. त्यांना विचारलं, "हे कोण?" एक म्हणाला, "बिशप. परीक्षेआधी हात लावतो कुणी कुणी." दुसरा म्हणाला, "त्याने काही होत नाही."

शनिवारी एडिंबऱ्याला निघताना भाचीने दक्षिणेकडच्या जुन्या रस्त्याने गाडी घेतली, कारण डी नदीवरचा पूल बिशपने बांधायला काढलेला. तो मेला, काम अडलं, आणि नंतर बिशप झालेल्या गॅविन डनबरने १५२७ मध्ये पुरं केलं. सात कमानी. एकोणिसाव्या शतकात रुंद केलाय, तरी आजच्या गाड्यांना अरुंदच. आम्ही त्यावर पाऊण तास अडकलो. भाची म्हणाली, "मावशी, या बिशपला आणखी एक लेन सुचायला काय झालं होतं?"